हॅरी फर्ग्युसन: नांगर उचलणाऱ्या तेलापासून चारही चाकांनी पळणाऱ्या गाडीपर्यंत

गावाकडे लाल रंगाचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर तुम्ही नक्कीच पाहिला असेल. आपण नुसतं 'मॅसी' म्हणतो आणि मागचं आडनाव सोडून देतो. आज त्या मागच्या आडनावाची गोष्ट.

आधी एक गोंधळ मिटवूया. पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज या माणसाच्या नावाचं नाही. ते नाव मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं. ट्रॅक्टरवाले हॅरी फर्ग्युसन वेगळे. ते आयर्लंडचे, शेतकऱ्याच्या घरातले आणि मेकॅनिक.

तुम्ही म्हणाल, आमच्या साइटवर मोबाइल, गॅजेट आणि गाड्या असतात, मग हे ट्रॅक्टरवाले आजोबा कशाला? कारण आज ज्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही रात्री रात्री बघता, म्हणजे सुबारू, क्वाट्रो, लॅन्सिया डेल्टा, स्कायलाइन, त्यांची चारही चाकं एकाच वेळी जोर लावतात. ही गोष्ट साध्या रस्त्यावरच्या गाडीत आणायला हवी, असा हट्ट धरणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी फर्ग्युसन एक. त्यांचं आयुष्य समजलं की अशा गाडीतलं गिअर ऑइल आणि डिफरन्शियल ऑइल वेळेवर का बदलायचं, हेही आपोआप समजतं. शेवटी आपण तेही बघणार आहोत.

शेताचा कंटाळा, मशीनचं वेड

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. ठिकाण उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउन भागातलं ग्रोवेल, ड्रोमोर गावाजवळ. घरात अकरा भावंडं. वडील कडक शिस्तीचे आणि धार्मिक. घोड्यामागे नांगर धरून दिवसभर चालायचं काम हॅरींना अजिबात आवडायचं नाही.

मोठा भाऊ जो याने बेलफास्टमध्ये सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. १९०२ मध्ये हॅरी तिथे कामाला लागले आणि खरं शिक्षण तिथेच झालं. इंजिन ट्यून करण्यात त्यांचा हात बसला. दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून ते मोटारसायकलच्या शर्यतीतही उतरले.

मग विमानाचं वेड लागलं. राइट बंधूंनी पहिलं उड्डाण केलं १९०३ मध्ये. त्यानंतर सहाच वर्षांनी, ३१ डिसेंबर १९०९ ला, फर्ग्युसन यांनी स्वतः बनवलेलं विमान हिल्सबरो इथे हवेत उचललं. अंतर होतं जेमतेम १३० यार्ड, म्हणजे साधारण १२० मीटर. क्रिकेटच्या मोठ्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही नाही. पण आयर्लंडमध्ये इंजिनाच्या विमानाचं हे पहिलं उड्डाण ठरलं.

१९११ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा काढला आणि मोटारींसोबत ट्रॅक्टरही विकायला घेतले. ज्या शेतीपासून ते पळाले होते, ती अशी पुन्हा समोर आली.

मागे उलटणारा ट्रॅक्टर

पहिलं महायुद्ध चालू होतं आणि धान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी खात्याने फर्ग्युसन यांना काम दिलं: शेतकऱ्यांकडचे ट्रॅक्टर आणि नांगर जास्त चांगले कसे चालतील ते बघा. विल्यम सँड्स नावाच्या सहकाऱ्याला घेऊन ते गावोगाव फिरले.

तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे घोड्याच्या जागी बांधलेलं इंजिन. नांगर मागे ओढत न्यायचा, बस्स. यात एक जीवघेणी गोष्ट होती. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं जोर लावत राहायची, ट्रॅक्टरचं तोंड वर उठायचं आणि अख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्त होता, खूप विकला जात होता, पण या दोषासाठी बदनामही होता. माणसं मरत होती.

यावर लोकांचा उपाय होता, ट्रॅक्टर अजून जड करा. फर्ग्युसन उलट दिशेने गेले. त्यांच्या मते दोष वजनाचा नव्हता, जोडणीचा होता. ट्रॅक्टर आणि नांगर दोन वेगळ्या वस्तू न ठेवता एकच यंत्र करायचं, हे त्यांनी ठरवलं.

पुढची कितीतरी वर्षं यात गेली. त्यातून आली तीन ठिकाणी जोडणारी पद्धत, खाली दोन दांडे आणि वर एक. आज आपल्याकडे कोणताही ट्रॅक्टर मागून बघा, ही तीन टोकांची जोडणी दिसेल. रोटाव्हेटर असो की पेरणी यंत्र, सगळं त्यावरच बसतं. नांगर अडकला की वरचा दांडा पुढे ढकलतो आणि ट्रॅक्टरचं तोंड जमिनीलाच टेकून राहतं. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते.

तेलाने नांगर उचलला

याच्या जोडीला त्यांनी हायड्रॉलिक बसवलं. पंप तेल दाबतो, दाबलेलं तेल पिस्टन ढकलतं आणि पिस्टन नांगर उचलतो. एवढंच असतं तर त्याला नुसता जॅक म्हणता आलं असतं. पण फर्ग्युसन यांनी ते स्वतःहून चालणारं केलं. जमीन कडक लागली, ओढ वाढली, की वरच्या दांड्यावरचा दाब वाढतो. तो दाब झडपेला कळतो आणि नांगर थोडा वर येतो. जमीन भुसभुशीत झाली की नांगर परत खाली. ना सेन्सर, ना चिप. सगळं काम तेल, झडप आणि स्प्रिंगचं.

१९३३ मध्ये त्यांनी स्वतःचा नमुना ट्रॅक्टर तयार केला. काळा रंग, म्हणून नाव पडलं ब्लॅक ट्रॅक्टर. तो आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बनू लागला, पण तो महाग पडायचा आणि फार विकला गेला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. फर्ग्युसन यांचा सगळ्यात गाजलेला ट्रॅक्टर म्हणजे टीई-२०. त्यात हायड्रॉलिकसाठी वेगळी टाकी नव्हती. गिअर ज्या तेलात फिरायचे, तेच तेल पंप ओढून नांगर उचलायचा. एकच तेल दोन कामं करायचं. तेल घाण झालं तर नुसते गिअर झिजणार नाहीत, नांगर उचलणंही बिघडणार. म्हणजे तेल हाच मशीनचा एक चालता पार्ट होता.

हात मिळवला, आणि कोर्टात गेले

१९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर जहाजाने अमेरिकेत घेऊन गेले. हेन्री फोर्ड यांच्या घराजवळच्या जमिनीवर तो चालवून दाखवला. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचे पोर, त्यांना तो लगेच पटला. दोघांनी हात मिळवला आणि धंदा ठरला. लेखी करार नाही, वकील नाही. फोर्ड ट्रॅक्टर बनवणार, फर्ग्युसन विकणार.

१९३९ मध्ये फोर्ड ९एन ट्रॅक्टर बाजारात आला आणि जोरात चालला. पण फोर्ड म्हातारे झाले, कंपनी नातवाच्या, म्हणजे दुसऱ्या हेन्री फोर्ड यांच्या हातात गेली. त्यांनी हिशोब बघितला आणि हा व्यवहार बंद केला. १९४७ मध्ये फोर्डने स्वतःचा नवा ट्रॅक्टर आणला, त्यात फर्ग्युसन यांची पद्धत तशीच होती. आता फर्ग्युसन यांना विचारायची गरज उरली नव्हती.

फर्ग्युसन यांनी २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. खटला वर्षानुवर्षं चालला. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेच्या मानाने हे फारच थोडे, पण एवढ्या मोठ्या कंपनीला एका माणसाच्या पेटंटसाठी पैसे मोजावे लागले, ही गोष्ट जगभर गेली.

तोपर्यंत इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीच्या कारखान्यात टीई-२० बनायला लागला होता. १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनले. राखाडी रंगामुळे लोक त्याला लाडाने छोटी राखाडी फर्गी म्हणायचे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीच्या ट्रॅक्टरवर, चाकांवर पट्टे चढवून.

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरचा धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीवरून दहा लाख डॉलरवर घोडं अडलं, तेव्हा नाणं उडवून निकाल लावला. फर्ग्युसन हरले आणि त्यांनी तो निकाल मान्य केला. पुढच्या वर्षी ते कंपनीतून बाहेर पडले. १९५८ मध्ये कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन झालं. १९६० मध्ये मद्रासला टाफे कंपनी सुरू झाली आणि तिच्यामार्फत हे ट्रॅक्टर आपल्याकडे शेतात आले.

मग चारही चाकांचं खूळ

वय सत्तरीच्या घरात, खिशात भरपूर पैसा. दुसरा कोणी असता तर बागेत बसला असता. फर्ग्युसन यांनी गाड्यांकडे मोर्चा वळवला. ओल्या रस्त्यावर गाड्या घसरून माणसं मरतात, हे त्यांना सलत होतं. ट्रॅक्टर उलटून माणसं मरायची, तसंच हे.

टोनी रोल्ट आणि फ्रेडी डिक्सन हे दोन शर्यतवाले चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीवर आधीपासून काम करत होते. रोल्ट लष्करात मेजर. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदेत होते आणि तिथून निसटण्यासाठी माळ्यावर चोरून ग्लायडर बनवणाऱ्या मंडळींत त्यांचा हात होता. १९५३ मध्ये त्यांनी ल मांची शर्यतही जिंकली. १९५० मध्ये फर्ग्युसन यांनी हॅरी फर्ग्युसन रिसर्च ही कंपनी काढली आणि या कामाला पैसा दिला. पुढे अ‍ॅस्टन मार्टिनमधून क्लॉड हिल हे इंजिनिअर आले.

आता तुम्ही म्हणाल, जीपमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह तर युद्धातच होतं. हो, होतं. पण त्यात एक अडचण होती. ती समजायला वळण घेणारी गाडी डोळ्यासमोर आणा.

वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं, ते दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. तसंच पुढची दोन चाकं मागच्या दोन चाकांपेक्षा मोठा वळसा घेतात. जुन्या जीपमध्ये फोर-व्हील टाकलं की पुढचं आणि मागचं सरळ एकमेकांना बांधलं जायचं. चिखलात चालतं, कारण चाक थोडं घसरून फरक भरून काढतं. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो.

म्हणून पुढच्या-मागच्या मधे तिसरं डिफरन्शियल हवं. पण त्यातही मेख आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि तोही जी बाजू कमजोर आहे तिला पेलेल तेवढाच. बैलजोडीतला एक बैल ढिला पडला की दुसऱ्याची ताकद वाया जाते, तसंच. चारांतलं एक चाक बर्फावर गेलं तर बाकी तिघांची ताकद गेली.

फर्ग्युसन यांच्या टीमने मधे असं डिफरन्शियल बसवलं की वळणाला लागतो तेवढा फरक ते होऊ देणार, पण फरक त्याहून वाढला की पुढचं-मागचं जखडून टाकणार. ड्रायव्हरने काही दाबायचं नाही. कडक जमीन लागल्यावर नांगर आपोआप वर यायचा, तोच विचार इथेही होता. यालाच पुढे फर्ग्युसन फॉर्म्युला नाव पडलं.

त्यांच्या नमुना गाड्यांमध्ये चारही चाकांना जोर होता आणि पुढे ब्रेक जाम होऊ न देणारी मॅक्सारेट यंत्रणाही बसवली. ही डनलॉपची यंत्रणा मुळात विमानाच्या चाकांसाठी होती. आज जिला आपण एबीएस म्हणतो, तिची ही आजी समजा. पण मोटार कंपन्या येऊन बघायच्या, तोंड भरून कौतुक करायच्या आणि निघून जायच्या. खर्च जास्त, गिऱ्हाईक मागत नाही, मग कशाला?

जिंकलेली शर्यत त्यांनी पाहिली नाही

कंपन्यांना पटवायचं तर शर्यतीत दाखवायचं, असं ठरलं. पी-९९ नावाची रेसिंग कार बनायला घेतली. पण फर्ग्युसन यांना आयुष्यभर निद्रानाशाने आणि नैराश्याने छळलं होतं, ते उतारवयात वाढलं. २५ ऑक्टोबर १९६० ला इंग्लंडमधल्या राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. एकाही मोटार कंपनीने तोवर त्यांची पद्धत घेतली नव्हती.

अकरा महिन्यांनी, २३ सप्टेंबर १९६१ ला, ओल्टन पार्कच्या ओलसर ट्रॅकवर स्टर्लिंग मॉस यांनी पी-९९ चालवली आणि गोल्ड कप जिंकला. ही शर्यत अजिंक्यपदाच्या गुणांसाठी नव्हती, पण नियम फॉर्म्युला वनचेच होते. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकली ती हीच एक. तेव्हा सगळ्यांनी इंजिन मागे नेलं होतं, या गाडीचं इंजिन पुढे होतं. त्या पद्धतीच्या गाडीचाही हा शेवटचा विजय.

१९६६ मध्ये जेन्सन एफएफ ही रस्त्यावरची गाडी आली. एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला. ३७ टक्के जोर पुढे, ६३ टक्के मागे, शिवाय मॅक्सारेट ब्रेक. महाग होती, एकूण ३२० बनल्या. पण आजच्या ऑल-व्हील ड्राइव्ह परफॉर्मन्स कारची सुरुवात तिथे दिसते.

१९६७ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० शर्यतीत टर्बाइन इंजिनाची एक गाडी उतरली, तिलाही फर्ग्युसन फोर-व्हील ड्राइव्ह होतं. पार्नेली जोन्स यांनी जवळजवळ सगळी शर्यत आघाडी टिकवली. शेवटचे मोजके लॅप उरले आणि गाडी थांबली. इंजिन ठणठणीत होतं, गिअरबॉक्समधल्या एका बेअरिंगने दगा दिला. लोक इंजिनाचं कौतुक करतात, पण त्या दिवशी शर्यतीचा निकाल एका छोट्या बेअरिंगने लावला.

टोनी रोल्ट यांनी पुढे एफएफ डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढली. त्यांच्या माणसांनी मधल्या डिफरन्शियलसाठी व्हिस्कस कपलिंग आणलं. एका बंद डब्यात पातळ चकत्यांची चळत. एक चकती पुढच्या शाफ्टला, पुढची मागच्या, अशा आलटून पालटून. मधे घट्ट सिलिकॉनचं द्रव. दोन्ही बाजू साधारण सारख्या फिरतात तोवर काही होत नाही. एक बाजू जोरात फिरली की द्रव घुसळलं जातं, तापतं, डब्यातला दाब वाढतो आणि चकत्या एकमेकींना धरून ठेवतात. लॅन्सिया डेल्टाच्या रॅली गाड्यांमध्ये हेच होतं. १९८७ ते १९९२ असं सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं कंपन्यांचं अजिंक्यपद त्यांच्याकडे राहिलं. सुबारूच्या कितीतरी मॅन्युअल गाड्यांमध्येही मधे व्हिस्कस कपलिंगच आहे.

म्हणजे बघा, आधी तेलाने नांगर उचलला आणि नंतर सिलिकॉनच्या द्रवाने चाकांमधली ताकद वाटली. दोन्हीकडे द्रव हा मशीनचा कामाचा पार्ट आहे.

मग आपल्या गाडीतलं तेल कुठे कुठे असतं?

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन ऑइल सोडून साधारण एवढ्या ठिकाणी तेल असतं:

- गिअरबॉक्स
- पुढचं डिफरन्शियल
- ट्रान्सफर केस किंवा मधलं डिफरन्शियल
- मागचं डिफरन्शियल
- काही गाड्यांत हॅल्डेक्ससारखं क्लच कपलिंग, त्याचं तेल वेगळं

कुठे दोन भागांचं तेल एकच असतं. सुबारूच्या मॅन्युअल गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचं डिफरन्शियल एकाच तेलात चालतात, अगदी फर्गी ट्रॅक्टरसारखं. ते साधारण ४ लिटरच्या आसपास लागतं. मागच्या डिफरन्शियलचं वेगळं, १ लिटर किंवा थोडं कमी. एवढुशा तेलात तीनशे हॉर्सपॉवर फिरते. ट्रॅकवर दोन-चार फेऱ्या जोरात मारल्या की हे तेल किती तापत असेल, विचार करा.

तेल खराब का होतं?

डिफरन्शियलचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साधं तेल बाजूला ढकललं जातं. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घालतात, ती धातूवर पातळ थर धरतात. गिअर ऑइलला तो घाण वास येतो तो गंधकाचाच. उष्णतेने ही द्रव्यं संपत जातात, तेल पातळ पडतं, धातूचा बारीक चुरा मिसळतो. हॅल्डेक्स कपलिंगमध्ये क्लचचा गाळ पंपाच्या जाळीत अडकतो, पंप गुदमरतो आणि एक दिवस तुमची ऑल-व्हील गाडी गुपचूप फक्त पुढच्या दोन चाकांवर चालायला लागते. पावसात घसरल्यावरच कळतं. ज्या भीतीपोटी फर्ग्युसन यांनी ही खटपट केली, तीच परत आली.

काही गाड्यांच्या बाबतीत हे तेल आयुष्यभर बदलायचं नाही असं सांगतात. पण जोरात चालवायची गाडी असेल, जुनी घेतली असेल किंवा आधीच्या मालकाने काय केलं ते माहीत नसेल, तर एकदा सगळं तेल बदलून घेणंच शहाणपणाचं.

बदलताना काय बघायचं?

१. गाडीचं मॅन्युअल उघडा आणि प्रत्येक ठिकाणचं तेल वेगळं लिहून घ्या. ७५डब्ल्यू-९० हा घट्टपणा झाला, जीएल-४ आणि जीएल-५ हा दर्जा. मॅन्युअलने जीएल-४ सांगितलं असेल तर जास्त भारी म्हणून जीएल-५ टाकू नका. त्यातली काही द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास देऊ शकतात.

२. मागे क्लचवालं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्याला चालणारंच तेल हवं. नाहीतर वळताना मागून खडखड येते.

३. थोडं फिरवून आणा म्हणजे तेल कोमट होऊन नीट निथळेल. गाडी चारही बाजूंनी सपाट उचला आणि पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका.

४. आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. आधी खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकली.

५. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर तो नीट बघा. राखाडी, मलमासारखा थर असेल तर काळजी नको. चमकणारे तुकडे किंवा दाताचा कण दिसला तर आधी मेकॅनिकला दाखवा, नवीन तेल टाकून गाडी पुढे ढकलू नका.

६. वॉशर नवीन टाका. बऱ्याच ठिकाणी भरायच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं असतं, पण सगळीकडे नाही, म्हणून मॅन्युअल बघा. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. घर ॲल्युमिनियमचं असतं, जास्त जोर लावला की आटे गेले.

७. व्हिस्कस कपलिंगचा डबा बंद असतो, त्यातलं द्रव तुम्ही बदलू शकत नाही. ते वाचवायचा मार्ग म्हणजे चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवणं. एकच टायर नवा टाकला तर सरळ रस्त्यावरही कपलिंग घुसळत राहतं, तापतं आणि मरतं. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढायला देऊ नका, फ्लॅटबेड ट्रकच मागवा.

८. जुनं तेल गटारात किंवा मोकळ्या जमिनीवर ओतू नका. डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या.

हे सगळं स्वतः करायलाच पाहिजे असं नाही. पण गॅरेजमध्ये गेलात तर इंजिन ऑइलसोबत बाकी ठिकाणच्या तेलांचं काय, एवढं विचारा आणि कोणतं टाकलं ते बिलावर लिहून घ्या.

शेवटी

फर्ग्युसन स्वच्छतेच्या आणि नीटनेटकेपणाच्या बाबतीत फार काटेकोर होते. त्यांच्या अवजारांसोबत मिळणाऱ्या पान्यावर इंचाच्या खुणा होत्या, म्हणजे शेतकऱ्याला त्याच पान्याने नटही फिरवता यावा आणि नांगराचं मापही घेता यावं. सामान्य माणसाला मशीन नीट ठेवता आलं पाहिजे, हा त्यांचा हिशोब होता. आज त्यांच्या विचारातून आलेली गाडी हजारपटीने गुंतागुंतीची झाली आहे, पण मागच्या डिफरन्शियलमधलं ते लिटरभर तेल अजूनही कुणीतरी खाली वाकूनच बदलावं लागतं.

तुमच्या गाडीचं, किंवा घरच्या ट्रॅक्टरचं, गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? आठवत नसेल तर मॅन्युअल आजच काढा. आणि गावाकडच्या मॅसीवाल्या मित्राला ही गोष्ट नक्की पाठवा, बोनेटवरचं नाव कुणाचं ते त्यालाही कळू दे.